‘योजनेत बसत नाही’ म्हणजे नेमकं काय बसत नाही?

पत्राचा सारांश: मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला आहे, पगार २२ हजार. घरची दीड एकर बागायत. वडील ६४ वर्षांचे. चढ चढताना छातीत दुखायचं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी केली. तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. बायपास करा म्हणाले, खर्च साडेतीन लाख. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं, म्हणजे सरकारी खर्चाने होणाऱ्या उपचारांचं, विचारलं तर काउंटरवर ‘तुमचं योजनेत बसत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. गावातले एक कार्यकर्ते मुख्यमंत्री निधीतून दीड लाख काढून देतो म्हणतात, उत्पन्नाचा दाखलाही तेच बघणार, त्यांचे दहा टक्के. चुलते म्हणतात, अर्धा एकर विक, बापापुढे जमीन काय! मलाही वाटतं, फुकटच्या ऑपरेशनमध्ये वडिलांची हेळसांड होईल. वडील मात्र अडून बसलेत: जमीन विकणार असाल तर मला ऑपरेशनच नको. काय करू?

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात जमिनीवर अख्खं पान आहे आणि वडिलांचं दुखणं आज कसं आहे यावर एक ओळही नाही. म्हणून सुरुवात तिथून. चढावर दुखतं आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरतं, एवढंच असेल तर तुमच्या हातात धावपळीपुरते दिवस आहेत. पण बसल्या जागी किंवा झोपेत दुखायला लागलं, पूर्वीपेक्षा कमी चालण्यावर दुखायला लागलं, किंवा जिभेखाली गोळी ठेवूनही पाच मिनिटांत उतरलं नाही, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. तातडीच्या वेळी योजनेतल्या रुग्णालयाला फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ‘आता ऑपरेशनच आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. त्यातली कुठली किती दिवस आधी थांबवायची, ते सर्जन सांगतील.

आता त्या काउंटरवरच्या वाक्याकडे येऊ. ‘योजनेत बसत नाही’ हे एक उत्तर नाही. त्यात चार वेगवेगळी उत्तरं दडलेली असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. तुम्ही ते ऐकलंत आणि थेट सातबाऱ्यापर्यंत पोचलात. मधला एक प्रश्न राहिला: काय बसत नाही? कार्ड, आजार, रुग्णालय की रुग्णालयाची इच्छा?

कार्डाचं आधी. पांढरं कार्ड म्हणजे योजना नाही, हे गावात सगळे म्हणतात, कारण बरीच वर्षं ते बहुतेकांच्या बाबतीत खरं होतं. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. त्या काळात ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांची होती. पांढऱ्यात फक्त ठरावीक १४ जिल्ह्यांतले शेतकरी यायचे. मग २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातली सगळी शिधापत्रिकाधारक कुटुंबं, म्हणजे पांढरी कार्डंसुद्धा, योजनेत आली. मर्यादाही दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांवर गेली. ही मर्यादा माणशी नाही. कार्डावर नाव असलेल्या सगळ्यांत मिळून ती एकच. त्याच वर्षी घरात आणखी कुणाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर शिल्लक किती आहे ते विचारून घ्यायचं.

आजाराचं म्हणाल तर बायपास या योजनेत सुरुवातीपासून आहे. त्याबद्दल कुणी शंका काढत असेल तर त्याला यादीतला उपचाराचा कोड दाखवायला सांगा.

तिसरं कारण मला तुमच्या बाबतीत सगळ्यात संभवनीय वाटतं. सरकार या योजनेत स्वतः दवाखाना चालवत नाही, ते शस्त्रक्रिया विकत घेतं. राज्य आरोग्य हमी सोसायटी रुग्णालयांना सरसकट नव्हे, विभागवार मान्यता देते. हृदयरोग, म्हणजे अँजिओप्लास्टी वगैरे, हा एक विभाग आणि हृदयशस्त्रक्रिया, म्हणजे बायपास, झडपा, हा दुसरा. दारावर योजनेचा फलक असलेल्या रुग्णालयाला अस्थिरोग आणि हृदयरोगाची मान्यता असेल, पण हृदयशस्त्रक्रियेची नसेल, असं सर्रास असतं. तिथल्या मुलीने ‘बसत नाही’ म्हटलं ते तिच्या परीने खरंच होतं. फक्त तिला म्हणायचं होतं ‘आमच्याकडे बसत नाही’, आणि तुम्ही ऐकलंत ‘तुम्हाला मिळत नाही’.

याला जोडून एक सावधगिरी. काल बायपासच हवी म्हणणारं रुग्णालय उद्या ‘योजनेत तीन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) टाकून देतो’ म्हणालं, तर मत का बदललं ते विचारा. वैद्यकीय कारण असू शकतं. पण त्यांना एका विभागाची मान्यता आहे आणि दुसऱ्याची नाही, एवढंच कारण असेल तर तो सल्ला वडिलांच्या हृदयासाठी नाही. तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे आणि त्यात मधुमेह असेल तर बायपासचं पारडं साधारण जड असतं. अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या हृदयशल्यचिकित्सकाला दाखवा.

चौथं कारण बोलायला अवघड. रुग्णालयाला मान्यता आहे, खाटही आहे, पण योजनेत करायचं नाही. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा एकच ठोक दर असतो, तो त्यांच्या रोखीच्या बिलापेक्षा कमी असतो. शिवाय आधी मंजुरी घ्या, मग ऑपरेशन, मग कागद चढवा, त्यावर शंका निघणार, एखादा फोटो किंवा रिपोर्ट राहिला तर रक्कम कापली जाणार, आणि उरलेली यायला वेळ लागणार. रुग्णालयांची ही तक्रार खोटी नाही. पण तिचं ओझं पेशंटच्या खांद्यावर टाकायची त्यांना मुभा नाही. ‘योजनेत करू, पण ५० हजार वरून भरा’ हे सरळ नियमबाह्य आहे. त्या ठोक दरात खाट, सर्जन आणि भूल, अतिदक्षता विभाग, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांची औषधं धरलेली असतात. परतीच्या प्रवासाचं एसटीचं भाडंसुद्धा. रक्तदाते आणा म्हणाले तर ती वेगळी गोष्ट आहे, बायपासला रक्त लागतंच आणि रक्तपेढीतला साठा भरून काढावा लागतो. रक्तदाते मागणं चालतं, पैसे मागणं चालत नाही.

हेळसांडीच्या भीतीबद्दलही इथेच बोलतो. खासगी रुग्णालयात योजनेच्या पेशंटसाठी वेगळं ऑपरेशन थिएटर नसतं आणि सर्जनही साधारण तेच असतात. फरक पडतो तो खोलीत: जनरल वॉर्ड, शेजारी आणखी पाच-सात पेशंट, भेटीच्या वेळा कडक. तुमच्या वडिलांना त्याचं किती वाईट वाटेल ते तुम्ही जाणता, मला वाटतं तुम्हालाच जास्त वाटेल. गुणवत्तेची काळजी असेल तर प्रश्न दुसरे विचारा. इथे महिन्याला किती बायपास होतात? वडिलांचं ऑपरेशन स्वतः कोण करणार? रात्री अतिदक्षता विभागात कोण डॉक्टर असतात? साडेतीन लाख मोजणाऱ्यानेही हेच विचारायला हवं, आणि पैसे मोजले की ते विचारायचं राहूनच जातं. ‘फुकट’ हा शब्दही मनातून काढा. पैसे रुग्णालयाला मिळतातच, फक्त ते तुमच्या खिशातून न जाता तुम्ही-आम्ही भरलेल्या करातून जातात.

आता कामाला लागायचं ते असं. घरून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करा. ‘योजनेतली रुग्णालयं सांगा’ असं विचारू नका, भली मोठी यादी मिळते. ‘आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत हृदयशस्त्रक्रियेची मान्यता असलेली रुग्णालयं कोणती’ असं नेमकं विचारा. फोनची तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव वहीत टिपून ठेवा. यादीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयंही येतील. ती ऐकून नाक मुरडू नका. मुंबईत केईएम आणि जेजेला, नागपूरला सुपर स्पेशालिटीत हृदयशस्त्रक्रिया वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. तिथली अडचण गर्दी ही आहे. तारीख लांबची मिळते, म्हणून दुखणं स्थिर असेल तरच तो पर्याय धरायचा आणि नाव दोन ठिकाणी लावायचं.

पिशवीत मूळ रेशनकार्ड, वडिलांचं आणि तुमचं आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, ईसीजी, टूडी इको, रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. सगळ्याच्या दोन झेरॉक्स. सीडीचीही प्रत काढा आणि मूळ सीडी कुठेच सोडू नका. ती हरवली की पुन्हा अँजिओग्राफी, पुन्हा खर्च, आणि नुसत्या तपासणीसाठी दाखल झालं तर ते सहसा योजनेत धरत नाहीत.

कागदांत सगळ्यात जास्त वेळा अडतं ते नावावर. रेशनकार्डावर ‘ज्ञानू’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’, किंवा मुलगा विभक्त झाल्यावर वडिलांचं नाव एका कार्डावरून कमी झालं आणि दुसऱ्यावर चढलंच नाही. हे आज रात्रीच तपासा. नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. आयुष्मान कार्डाची, म्हणजे योजनेच्या ओळखपत्राची, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) हीही आधीच उरकून घ्या, ती आपले सरकार सेवा केंद्रात होते, आशाताईही मदत करतात. आयुष्य मातीत गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. अशा वेळी केंद्रचालकाला चेहऱ्याने किंवा ओटीपीने पडताळणी करायला सांगा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर अनेकदा चार वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो.

रुग्णालयात पोचल्यावर पहिला माणूस गाठायचा तो आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांच्या मदतीला योजनेने नेमलेला माणूस. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. बिलिंग काउंटरच्या आधी त्याच्याकडे जा आणि वडिलांची नोंद योजनेखाली करून घ्या. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. एकदा ‘कॅश पेशंट’ म्हणून दाखल झालात, अनामत भरलीत आणि ऑपरेशन उरकलं, की योजना मागून लावता येत नाही, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. ‘आता भरा, योजनेचे पैसे आले की परत देऊ’ यावर विश्वास ठेवू नका. योजना पूर्ण कॅशलेस आहे, तुम्ही भरलेलं बिल ती तुम्हाला परत देत नसते.

दाखल करतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असू शकते: ‘मला योजनेची माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने योजनेचा लाभ घेऊ इच्छित नाही.’ रात्री अकरा वाजता, वडील स्ट्रेचरवर असताना, कुणीतरी बोट ठेवून ‘इथे इथे इथे’ म्हणतं आणि आपण तीन सह्या करतो. तुमची तक्रार पुढे याच सहीवर फेटाळली जाते. ती ओळ दिसली तर आडवी रेघ मारा आणि शेजारी ‘योजनेखाली उपचार हवे आहेत’ असं लिहून सही करा. घरी सोडतानाही दोन कागद येतात. एक समाधानपत्र, सगळी सेवा मोफत मिळाली असं सांगणारं, आणि दुसरी प्रवासभाडं मिळाल्याची पावती. पैसे घेतले असतील तर समाधानपत्रावर तसंच लिहा. भाडं हातात पडल्याशिवाय पावतीवर सही नको. रक्कम किरकोळ असते, पण तुमच्या सहीवर रुग्णालयाचं लाखाचं बिल मंजूर होत असतं.

कुणी पैसे मागितलेच तर वाद घालू नका, पावती मागा. पावती दिली तर तो पुरावा झाला. नाही दिली तर मागणीतली हवा बऱ्याचदा तिथेच निघून जाते. मग आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार, हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक, योजनेचे जिल्हा समन्वयक, या क्रमाने चढत जा. योजनेच्या पेशंटकडून घेतलेले पैसे रुग्णालयाला परत करायला लावता येतात. ‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर मिळालं तर ‘मग केव्हा मिळेल, ते लेटरहेडवर तारखेसह लिहून द्या’ एवढंच म्हणा.

समजा एवढं करूनही जवळपास कुठे जमलं नाही. तर दुसरी वाट धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या, रुग्णालयांची आहे, आणि ती तुमच्या पगाराला चपखल बसते. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांमुळे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तुमचा पगारच वर्षाचा २ लाख ६४ हजार होतो. शेतीचं धरूनही ३ लाख ६० हजारांच्या आत राहत असाल तर तुम्ही दुसऱ्या गटात. या गटाला सगळं मोफत नसतं. खाट आणि सेवांचे दर सर्वांत खालच्या वर्गाचे लागतात. औषधं, साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायच्या आणि त्याच्या किमान निम्मे तुम्ही भरायचे. समजा औषधं-साहित्याची छापील किंमत ८० हजार आणि रुग्णालयाची खरेदी ५० हजार असेल, तर तुमचा वाटा २५ हजारांपासून सुरू होतो. उरलेलं रुग्णालयाच्या ‘निर्धन रुग्ण निधी’तून जातं, ज्यात त्यांना इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम जमा करावी लागते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या आणि थेट रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, रिसेप्शनला ‘काही सवलत मिळेल का’ असं विचारू नका. रिसेप्शनवरची सवलत म्हणजे बिलात पाच टक्के, आणि तीही उपकार केल्यासारखी. तातडीच्या रुग्णाला अनामत मागून दारात अडवायचं नाही, हेही उच्च न्यायालयाच्या त्याच योजनेत आहे. दाद जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात मागायची.

आता तुमच्या कार्यकर्त्यांचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज विनामूल्य असतो, मदत उपचारांच्या आधी मागायची असते आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे. तुमची पगारचिठ्ठीच त्याच्या वर जाते. म्हणजे ‘दाखला मी बघतो’ याचा अर्थ खोटा दाखला असा होतो, आणि अर्जावर सही त्यांची नाही, तुमची असणार. पतसंस्थेत लोकांच्या पैशांवर बसणाऱ्या माणसाने हे करू नये. तुमच्यापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या इतर वाचकांनी मात्र हा निधी जरूर लक्षात ठेवावा. पण जन आरोग्य योजना आणि धर्मादाय खाट हे दोन दरवाजे आधी ठोठवावे लागतात. आणि ज्यांच्या घरात ७० किंवा त्याहून अधिक वयाचं माणूस आहे, त्यांनी ज्येष्ठांच्या मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या कार्डाला उत्पन्नाची अट नाही.

राहिली जमीन. चुलत्यांचं वाक्य ऐकायला मोठं आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय: जो मुलगा विकतो तोच बापावर प्रेम करतो. तुमच्या वडिलांनी आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलंय आणि ते अडाणीपणाचं नाही. घाईत विकलेल्या अर्ध्या एकराला भाव पडूनच मिळतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय खर्च ऑपरेशनपाशी संपत नाही. गोळ्या पुढे कायम चालतात, त्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर बऱ्याच स्वस्त पडतात. बायपासनंतरच्या फेरतपासण्यांसाठी योजनेत वेगळं पॅकेज असतं, डिस्चार्जच्या दिवशीच त्याचं विचारा. दोन-अडीच महिने वडिलांना जड उचलता येणार नाही. पहिल्या काही दिवसांत तुमचा पगार बुडेल आणि शहरात एका माणसाच्या राहण्या-खाण्याचा खर्च होईल. तेवढ्यासाठी हाताशी २५-३० हजार ठेवा. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवा, सावकाराकडे नको. सातबारा त्याच्या जागी राहू द्या.

वडिलांशी आजच बोला. ‘तुमच्या ऑपरेशनसाठी जमीन विकावी लागणार नाही, मी हृदयशस्त्रक्रियेची मान्यता असलेल्या रुग्णालयाचा शोध घेतोय’ हे ऐकल्यावर त्यांचा नकार कदाचित टिकणार नाही. तरीही टिकला, तर तो जमिनीसाठी नव्हताच, त्यांना भीती ऑपरेशनची आहे. मग त्यांना काउंटरवर नेऊ नका, सर्जनसमोर बसवा आणि तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा.